शेंगाचटणीच्या घरात पीनट बटर कुकीज

सोलापुरात शेंगदाण्यांना शेंगाच म्हणतात. टरफल काढलेले असोत, भाजलेले असोत, शेंगाच. शेंगाचटणी, शेंगापोळी, शेंगाची आमटी. लग्न होऊन इथं आले तेव्हा किराणा दुकानात मी "अर्धा किलो दाणे" मागायचे आणि दुकानदार "शेंगा ना?" असं विचारून खात्री करून घ्यायचा. आता माझ्याही तोंडात तोच शब्द बसलाय, त्यामुळे पुढे सगळीकडे शेंगा म्हणजे शेंगदाणेच समजा.

थोरलीनं शाळेतल्या मैत्रिणीच्या डब्यात पीनट बटर कुकी खाल्ली आणि घरी येऊन मागे लागली. मी बाजारातून पीनट बटरची बाटली आणली, मोजूनमापून कुकीज केल्या. दिसायला छान झाल्या, पण चवीला नुसता गोड मैदा. सासूबाईंनी बाटलीतलं बोटभर चाटून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, ह्यात शेंगा नीट भाजल्याच नाहीत की. हिरवट लागतंय बघ." त्यांचं खरं होतं. सोलापुरी शेंगाचटणीचा सगळा जीव भाजण्यात आणि कुटण्यात असतो. उखळात लसूण, जिरं, तिखट, मिठाबरोबर शेंगा कुटत राहायच्या, त्या आधी भगरा होतात, मग ओलसर होतात, आणि मग चटणीला तेल सुटतं. वरून थेंबभर तेल घातलेलं नसतं. पीनट बटर म्हणजे त्याच वाटेवर आणखी दहा मिनिटं पुढं जाणं. म्हणून ज्या घरात चटणी नीट होते, त्या घराला ह्या कुकीज अवघड नाहीत. ओव्हनची भीती बाळगून जे थांबलेत त्यांच्यासाठी मुद्दाम सगळं सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट आधी सांगते. एका बैठकीत सगळं उरकायला जाऊ नका. घरात दोन मुलं, दोन मोठी माणसं, डबे, पाण्याची वेळ हे सगळं सांभाळून सलग तीन तास कुणालाही मिळत नाहीत. मी कामाचे तीन तुकडे करते. रात्री जेवणं झाली की शेंगा भाजायच्या. दुसऱ्या दिवशी डबे गेल्यावर वाटायच्या. संध्याकाळी मुलं घरी आली की कुकीज करायच्या. एकेक तुकडा अर्ध्या-पाऊण तासाचा आहे आणि मधे कितीही वेळ गेला तरी काही बिघडत नाही.

रात्री: शेंगा भाजणे

तीनशे ग्रॅम शेंगा घ्या. लाल सालीच्या बारक्या शेंगा मला ह्यासाठी आवडतात, त्यांना वास जास्त असतो. जाड, फिकट सालीच्याही चालतात, फक्त भाजायला त्यांना थोडा जास्त वेळ लागतो. घ्यायच्या आधी दुकानातच दोन दाणे चावून बघा. खवट असतील तर पुढे गूळ-साखर कितीही घाला, तो खवटपणा जात नाही.

घरी आणल्यावर ताटात पसरून निवडायच्या. आमच्याकडे हे काम आप्पांचं. चष्मा लावून, रेडिओ ऐकत ते एकेक दाणा बघतात. सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशीचा हिरवा-करडा डाग असलेले दाणे बाजूला काढून टाकून द्या. हा किडकेपणाचा साधा प्रश्न नाही. शेंगांवर वाढणाऱ्या काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक आहे आणि भाजल्यानं पूर्ण जात नाही. मूठभर शेंगा वाया गेल्या तरी चालतील.

जाड बुडाची कढई, लोखंडी असेल तर उत्तम. गॅस बारीक. वीस ते पंचवीस मिनिटं लागतात आणि हात थांबवायचा नाही. गॅस मोठा केला की सालीवर काळे डाग पडतात आणि आत दाणा कच्चा राहतो. बाजारातल्या त्या बाटलीची हीच गोष्ट असावी असं मला वाटतं. साधारण दहा मिनिटांनी तडतड सुरू होते. बऱ्याच जणी इथंच गॅस बंद करतात. अजून थांबा. आता दर दोन-तीन मिनिटांनी एक दाणा काढून, फुंकर मारून, साल सोलून दोन पाकळ्या वेगळ्या करा. पाकळीची आतली बाजू पांढरी असेल तर कच्चा आहे. साईसारखी पिवळसर झाली की जवळ आलात. फिक्या बदामी रंगाची झाली आणि चावल्यावर कुरकुरीत तुटली की झालं. त्या क्षणी शेंगा कढईतून परातीत ओता. गॅस बंद करून कढईतच ठेवल्या तर लोखंडाच्या उष्णतेवर भाजणं चालूच राहतं आणि सकाळी कडवट चव मिळते.

पूर्ण गार झाल्या की झाकून ठेवा आणि झोपा.

सकाळी: वाटणे

साल काढायला जुना टॉवेल घ्या. शेंगा त्यात गुंडाळून दोन्ही तळहातांनी रगडल्या की साल सुटते. मग सूप घेऊन गॅलरीत जायचं आणि पाखडायचं. दहा-पंधरा दाण्यांना साल राहिली तरी हरकत नाही.

गार शेंगांना तेल लवकर सुटत नाही, म्हणून त्या कढईत तीन-चार मिनिटं पुन्हा कोमट करून घ्या. मिक्सरच्या कोरड्या भांड्यात निम्म्याच टाका. भांड्यात पाण्याचा थेंबही नको. पाणी लागलं की वाटण घट्ट होऊन बसतं आणि लवकर खराबही होतं.

आता जे होतं ते नीट बघा. पहिल्या मिनिटात कूट होतं, आपण साबुदाण्याच्या खिचडीत घालतो तसं. दुसऱ्या मिनिटात ते भांड्याच्या कडेला चिकटून बसतं आणि पाती मोकळीच फिरतात. झाकण काढा, चमच्यानं कडा खरवडून खाली ढकला, पुन्हा फिरवा. मग सगळ्याचा मिळून एक गोळा होतो, भांड्यात धडधड आपटतो. इथं नवख्या माणसाचा धीर सुटतो आणि हात तेलाच्या बरणीकडे जातो. माझाही गेला होता. सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "तेल कशाला घालतीस? आहे की तिच्यात. थांब जरा." शेंगेच्या वजनात जवळजवळ निम्मं तेलच असतं. ते पेशींमध्ये अडकलेलं असतं, कण जितके बारीक होतील तितकं बाहेर येतं. आणखी दोन-तीन मिनिटं फिरवलं आणि अचानक मिक्सरचा आवाज बदलला. धडधड थांबली, मऊ सलग घरघर सुरू झाली. झाकण काढलं तर आत चकचकीत, ओघळणारं, कोमट पीनट बटर होतं. उन्हाळ्यातल्या पातळ तुपासारखी चमक त्याच्यावर असते. हा आवाज एकदा कानात बसला की घड्याळ बघावं लागत नाही.

मिक्सर सलग चालवू नका. मिनिटभर फिरवा, दोन मिनिटं थांबा. मोटार तापून जळका वास आला तर थेट पंधरा मिनिटं विश्रांती द्या. एकूण दहा मिनिटांचं फिरवणं थांबत-थांबत जवळजवळ अर्ध्या तासात होतं, आणि त्या थांब्यांमध्ये माझी भांडी घासून होतात. शेवटी पाव चमचा मीठ घालून एकदा फिरवा.

तीनशे ग्रॅम शेंगांचं साधारण पावणेतीनशे ग्रॅम बटर मिळतं. कुकीजना दीडशे लागतं. उरलेलं काचेच्या कोरड्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, वर तेल आलं तर ढवळून घ्या. धाकटा ते गुळाबरोबर पोळीला लावून, गुंडाळी करून खातो.

संध्याकाळी: साहित्य आणि पीठ

साधारण चोवीस कुकीजसाठी हे वजन काट्यावर करून घ्या. शक्य असेल तर छोटा काटा विकत घ्याच, वाटीनं मोजण्यात फार फरक पडतो.

मैदा १८० ग्रॅम
पीनट बटर १५० ग्रॅम
साजूक तूप ७० ग्रॅम, थिजलेलं, दाणेदार
पिठीसाखर ७० ग्रॅम
बारीक केलेला, चाळलेला गूळ ५० ग्रॅम
बेकिंग पावडर अर्धा चमचा
खाण्याचा सोडा पाव चमचा
दूध दोन मोठे चमचे, लागेल तसं

अंडं घातलेलं नाही, कारण आमच्याकडे चालत नाही. तूप आणि दूध असल्यावर त्याची उणीवही भासत नाही. व्हॅनिला इसेन्स घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. रात्रभराच्या मेहनतीनं मिळवलेला शेंगांचा वास त्याच्याखाली दबतो. गुळात खडे राहिले तर ते भाजताना वितळून करपतात, म्हणून चाळणं टाळू नका. गूळ ओलसर, चिकट असेल तर दूध एक चमचाच पुरेल.

ज्यांच्या आईनं उन्हाळ्याच्या सुट्टीत तूप-साखर-मैदा घेऊन गल्लीतल्या भट्टीवर नानकटाई करून आणली असेल, त्यांना पुढची कृती ओळखीची वाटेल. परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहातानं फेसा. चार-पाच मिनिटांत ते पांढरट आणि हलकं होतं. त्यात गूळ, मग पीनट बटर घालून एकजीव करा. मैदा, बेकिंग पावडर आणि सोडा दोनदा चाळून त्यात घाला आणि बोटांनी हलकेच गोळा करा. इथं कणकेसारखं मळलं की बिघडलं. मैदा जितका मळाल तितका त्याला चिवटपणा येतो, आणि आपल्याला खुसखुशीत हवंय. पीठ जेमतेम एकत्र आलं की हात काढा.

एक गोळी वळून बघा. वळताना कडेला बारीक भेगा पडल्या तर ठीक. भुगा होऊन सुटत असेल तर चमचाभर दूध. हाताला तेल लागून गोळी बसत असेल तर बहुतेक तूप पातळ झालंय, म्हणजे गारवा हवा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा बेचाळीसच्या वर जातो, स्वयंपाकघरात बरणीतलं तूप पाणी झालेलं असतं. तेव्हा तूप आधी वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून थिजवून घ्या, आणि गोळ्या वळून झाल्यावर ताटासकट अर्धा तास पुन्हा फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात हे चुकवलं तर कुकीज ट्रेवर पसरून एकमेकींना चिकटतात. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, फ्रीजची गरजच पडत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांनी थंडीतच सुरुवात करावी.

गोळ्या लहान लिंबाएवढ्या, साधारण बावीस ग्रॅमच्या. हे काम धाकट्याचं. सगळ्या सारख्या झाल्या पाहिजेत, नाहीतर बारक्या करपतात आणि मोठ्या कच्च्या राहतात, हे त्याला एकदा काट्यावर तोलून दाखवलं, तेव्हापासून तो स्वतःच तोलतो. ट्रेवर बटर पेपर घाला, दोन गोळ्यांत दोन बोटं अंतर ठेवा. मग थोरली काटाचमचा घेऊन प्रत्येक गोळी आधी उभी, मग आडवी दाबते. जाळीची नक्षी उठते आणि जाडी साधारण एक सेंटिमीटर होते. काटा चिकटला तर मैद्यात बुडवून घ्या.

ह्या जाळीमागे कारण आहे. शेंगांचं पीठ जड असतं, भट्टीत गोळी आपोआप पसरत नाही, दाबली नाही तर मधे कच्ची राहते. अमेरिकेत १९३०च्या दशकातल्या पाककृतींमध्ये काट्यानं दाबायची सूचना येऊ लागली आणि तीच ह्या कुकीची ओळख बनली. त्याआधी, १९१६ साली, अलाबामातल्या टस्कीगी इथले शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी शेंगा पिकवण्याची आणि त्यांचे १०५ पदार्थ करण्याची माहितीपुस्तिका काढली, त्यात शेंगांच्या कुकीजही होत्या. गुलामीत जन्मलेला हा माणूस कापसानं कस गेलेल्या जमिनीत शेंगा लावा, घरातल्या मुलांना त्या खाऊ घाला, असं गरीब शेतकऱ्यांना सांगत राहिला. पीनट बटर त्यांनी शोधलं असं बरेचदा सांगतात, ते खरं नाही. पण शेंगेवर इतकी माया करणारा माणूस सोलापुरात जन्मला असता तर रमला असता, असं मला नेहमी वाटतं.

भाजणे

ओव्हन १७० अंशांवर, वरखाली दोन्ही कॉइल चालू, पंधरा मिनिटं आधी तापवून घ्या. ट्रे मधल्या कप्प्यात. बारा ते चौदा मिनिटं.

पहिल्याच वेळी सगळा ट्रे भरू नका. दोनच कुकीज ठेवून बघा. प्रत्येक घरच्या ओव्हनचा स्वभाव वेगळा असतो, आमचा मागच्या डाव्या कोपऱ्यात जास्त तापतो. दोन कुकीज बिघडल्या तर बिघडल्या, बावीस वाचतात.

बाहेर कधी काढायच्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. कडा बदामी झाल्या, घरभर भाजक्या शेंगांचा वास सुटला, पण मधे बोट लावलं तर अजून मऊ लागतंय, अशा वेळी काढा. नवखी माणसं मऊ लागतंय म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवतात आणि मग दगड होतात. गरम असताना आतली साखर आणि तूप वितळलेलं असतं, गार होताना ते घट्ट होतं आणि कुकी कुरकुरीत होते. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, मग जाळीवर किंवा चाळणीवर काढा. गरम उचलली तर हातात मोडते. मुलांना ही दहा मिनिटं फार जड जातात, पण थांबवा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची मोठी कढई घ्या. तळाशी दोन वाट्या मीठ पसरा, त्यावर स्टँड, घट्ट झाकण. मध्यम गॅसवर दहा मिनिटं तापवा. तूप लावलेल्या ताटलीत पाच-सहा कुकीज ठेवून झाकण लावा आणि गॅस अगदी बारीक करा. अठरा ते बावीस मिनिटं लागतात. वरून रंग कमी येतो, चव तीच. पंधरा मिनिटांच्या आत झाकण उघडू नका. ते मीठ स्वयंपाकाला वापरू नका, बरणीत भरून पुढच्या वेळेसाठी ठेवा.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. एकदा ट्रे आत होता आणि गल्लीत "पाणी आलं" असा पुकारा झाला. मोटर, पाइप, टाकी करून वर आले तोवर सगळ्या कुकीज खालून काळ्या. आप्पांनी वरचा भाग खरवडून खाल्ला, मला मात्र दिवसभर रुखरुख लागली. तेव्हापासून पाण्याच्या दिवशी ओव्हन लावत नाही, आणि लावलाच तर फोनचा गजर लावून फोन कमरेला ठेवते. वीज मधेच गेली तर घाबरू नका. आठेक मिनिटं झाली असतील तर दार न उघडता तसंच दहा मिनिटं राहू द्या, आतल्या उष्णतेवर बहुतेक वेळा होऊन जातात.

काही चुकलं तर

फार पसरल्या असतील तर तूप पातळ होतं किंवा पीठ गार केलं नाही. खाताना जिभेवर खारट-कडवट साबणासारखी चव आली तर सोडा जास्त झाला, पाव चमचा म्हणजे सपाट पाव चमचा. दुसऱ्या दिवशी मऊ पडल्या तर गरम असतानाच डब्यात भरल्या गेल्या असणार. त्या पुन्हा १५० अंशांवर पाच मिनिटं ठेवून गार केल्या की ताठ होतात. आणि नुसत्याच भुगा होत असतील, तर पीनट बटर नीट वाटलं गेलं नाही, कूट आणि बटर यांच्या मधेच कुठंतरी थांबलात.

दोन-तीनदा जमल्यावर मैद्यातले पन्नास ग्रॅम काढून तिथं ज्वारीचं पीठ घालून बघा. मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर तीच घ्या, त्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि चवीला तिच्यात मुळातच गोडवा असतो. ज्वारीला चिकटपणा नसतो, म्हणून चमचाभर दूध जास्त लागतं आणि पन्नासच्या पुढे गेलात तर कुकी तुटते. पीठ ताजं दळलेलं, बारीक चाळणीनं चाळलेलं हवं. सासूबाईंना हीच आवडते. "कडक भाकरीवर शेंगाचटणी खाल्ल्यागत लागतंय, गोड नुसतं," असं म्हणाल्या.

घट्ट झाकणाच्या डब्यात दहा-बारा दिवस टिकतात, उन्हाळ्यात आठवडाभर. त्यापुढे शेंगांचं तेल खवट व्हायला लागतं. शाळेच्या डब्यात देताना मात्र एक काळजी घ्या. काही मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. मुलं डबे वाटून खातात, म्हणून मी पहिल्याच दिवशी बाईंना चिठ्ठी लिहून कळवलं होतं की ह्यात शेंगदाणे आहेत, आणि थोरलीलाही सांगून ठेवलंय की कुणाला देण्याआधी विचारायचं. शेजारी ताटली पाठवतानाही दारातच सांगते. पुण्याला भाच्याकडे पाठवायच्या झाल्या तर डब्यात दोन-दोन कुकीजची पाठ एकमेकींना लावून, मधे बटर पेपर घालून रचते, उरलेल्या फटीत कागद कोंबते. तशा रचल्या तर एस.टी.च्या प्रवासातही शाबूत पोचतात.